क्लोन आरटीए घेताना आणि वापरताना: ब्रिटनमधल्या नवख्यांसाठी पायरी-पायरीने

सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्या माणसाला काही महिन्यांत तयार कॉइलचा (द्रव तापवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) खर्च टोचू लागतो. चार-पाच कॉइलचं पाकीट महिन्याभरात संपतं, चव मध्येच उतरते, आणि कुणीतरी सुचवतं की कॉइल स्वतः बांधावी. तारेचं एक रीळ आणि कापसाचं एक पाकीट वर्षभर पुरतं, हे खरंच आहे. मग शोध घेतल्यावर दिसतं की युरोपातल्या छोट्या कारागिरांनी बनवलेला मूळ ॲटोमायझर (द्रवाची वाफ करणारा भाग; टाकी असलेला आणि कॉइल स्वतः बांधायचा तो आरटीए) शंभर पौंडांच्या वर जातो आणि चीनमधल्या शेन्झेनहून येणारा हुबेहूब तसाच दिसणारा क्लोन वीस-पंचवीस पौंडांत मिळतो. दोन्हींच्या फोटोंत फरक कळत नाही.

फरक असतो तो फोटोत न दिसणाऱ्या चार जागी: वीज आत नेणारी खालची पिन, तिच्याभोवतीचा इन्सुलेटर (वीज अडवणारं कडं), ओ-रिंगा (गळती रोखणारी रबरी कडी) आणि आटे. या चार जागा तपासता आल्या की क्लोन घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

हा लेख आधीपासून धूम्रपान करणाऱ्या किंवा ते सोडून व्हेपवर आलेल्या प्रौढांसाठी आहे. ज्यांना निकोटिनची सवय नाही त्यांनी ती लावून घेऊ नये. व्हेप निर्धोक नाही. सिगारेटच्या तुलनेत कमी घातक, एवढंच म्हणता येतं.

आधी कायदा, कारण इथे चूक महागात पडते

भारतात ई-सिगारेटवर २०१९च्या कायद्याने बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण, जाहिरात हे सगळं त्यात येतं, आणि सुटे भागही सुटत नाहीत. साठवण सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्यामुळे हा लेख भारतातल्या खरेदीसाठी नाही. गणपतीला घरी जाताना ॲटोमायझर सामानात टाकणं ही आयातच ठरते. तो लंडनला किंवा लेस्टरला ठेवूनच निघा. सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी, तिथे जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

ब्रिटनमध्ये १८ वर्षांवरील व्यक्तीला विकत घेता येतं. २०१६च्या नियमांनुसार टाकी २ मिलीपेक्षा मोठी नको, निकोटिनच्या द्रवाची बाटली १० मिलीपेक्षा मोठी नको, आणि निकोटिन मिलीला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. परदेशी संकेतस्थळांवरचे बरेचसे क्लोन ४-५ मिलीच्या काचेसह येतात. ते इथल्या विक्रीच्या नियमात बसत नाहीत. २ मिलीची काच असलेली आवृत्ती पाहा.

क्लोनवर मूळ कारागिराचं चिन्ह कोरलेलं असेल तर तो बनावट माल ठरतो आणि सीमाशुल्कवाले तो अडवू शकतात. असा माल घेऊ नका. चिन्ह नसलेल्या, नुसता आराखडा उचललेल्या मालाची गोष्ट वेगळी, पण ज्याने डोकं लढवून तो आराखडा केला त्याला त्यातलं काही मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

१. क्लोनच हवा का, हे आधी ठरवा

वीस-तीस पौंडांत मूळ वस्तूही मिळते, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. इनोकिनचा 'एरिस २' हे चांगलं उदाहरण. फिल बुसार्डो आणि दिमित्रिस अग्राफियोतिस या जाणकारांनी आखलेला, कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारा आणि इथल्या नियमांनुसार २ मिलीत मिळणारा. पहिला रिबिल्डेबल (कॉइल स्वतः बांधायचा ॲटोमायझर) म्हणून आमचा कौल अशाच वस्तूला आहे. काच फुटली की नवी मिळते, स्क्रू मिळतात, दुकानदार परत घेतो.

क्लोनला अर्थ येतो तो तुम्हाला एखादी विशिष्ट रचना हवी असते तेव्हा. हंगेरीच्या केएचडब्ल्यू मॉड्सचा 'ड्वार्व' किंवा जर्मनीच्या स्वोमेस्टोचा 'कायफन' यांची हवेची वाट, कॉइलभोवतीची चिंचोळी खोली, ओढण्यातला घट्टपणा, हे आधी अनुभवून पाहायचं असतं. त्या हेतूने घेत असाल तर पुढे चला.

२. प्रकार निवडा

आरडीए म्हणजे ड्रिपर: टाकी नाही, कॉइलवर थेंब सोडायचे आणि ओढायचं. कॉइल बांधायला शिकण्यासाठी उत्तम, कारण कापूस थोडा चुकला तरी फार बिघडत नाही. आरटीएला टाकी असते. दिवसभराच्या वापराला तोच सोयीचा, पण कापूस नेमका बसवावा लागतो.

दुसरा प्रश्न ओढण्याच्या पद्धतीचा. सिगारेटसारखा आधी तोंडात आणि मग छातीत, हा झुरका म्हणजे एमटीएल. थेट छातीत घेतात तो डीएल. सिगारेटवरून आलेल्यांना एमटीएलच जवळचा वाटतो, आणि त्यात तार, द्रव, बॅटरी सगळंच कमी लागतं. पुढचे आकडे एका कॉइलच्या एमटीएल आरटीएचे आहेत.

३. काय काय लागेल

- इलेक्ट्रॉनिक मॉड (बॅटरी बसते आणि वर ॲटोमायझर लागतो तो भाग), ज्यात शॉर्टसर्किटपासून संरक्षण आणि ओहम दाखवणारा पडदा आहे
- ओळखीच्या दुकानातून घेतलेली १८६५० बॅटरी, उदाहरणार्थ २० अँपिअरची सॅमसंग २५आर
- स्वतंत्र चार्जर आणि बॅटरीची प्लास्टिकची डबी
- २८ गेजची कांथल ए-१ तार
- व्हेपसाठीचा न रंगवलेला, धुतलेला कापूस
- २.५ मिमी जाडीची गुळगुळीत काडी. स्क्रूड्रायव्हरचा दांडा किंवा ड्रिल बिटची मागची बाजूही चालते
- तार सपाट कापणारा छोटा कटर, सिरॅमिक टोकाचा चिमटा, धारदार कात्री
- साधा मल्टीमीटर

मेकॅनिकल मॉड, म्हणजे ज्यात कसलंही सर्किट नसतं अशी नळी, नवख्याने क्लोनसोबत वापरूच नये. कारण पाचव्या पायरीत.

४. विकत घेताना

जाहिरातीत 'स्टाइल्ड' हा शब्द दिसला की ती नक्कल समजा. 'वन-टू-वन' म्हणजे मापं मूळ वस्तूशी जुळतात असा दावा. तो धातूच्या दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. एसएक्सके, वायएफटीके, अल्टन ही नावं वारंवार दिसतील. नाव ओळखीचं असलं तरी प्रत्येक नग तपासायचाच.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. पोलाद कोणतं, ३०४ की ३१६? इन्सुलेटर पीकचा आहे की साध्या प्लास्टिकचा? सुटे स्क्रू आणि ओ-रिंगा सोबत येतात का? पीक हे उष्णता सोसणारं प्लास्टिक आहे. साधं प्लास्टिक कॉइलच्या धगीने मऊ पडतं आणि पिन हलू लागते. उत्तर मिळालं नाही तर पुढचं दुकान पाहा.

हवेच्या वेगवेगळ्या मापांच्या पिना सोबत येत असतील तर ०.८ ते १.४ मिमीच्या मधल्या दोन-तीन असाव्यात. सिगारेटची सवय ताजी असेल तर १.० किंवा १.२ पासून सुरुवात करा.

५. डबा उघडल्यावर तपासणी

ही पायरी गाळू नका. घरच्या टेबलावर वीस मिनिटं लागतात, आणि परत पाठवण्याची मुदतही त्याच दिवसापासून धावत असते.

आटे. प्रत्येक भाग हाताने, जोर न लावता फिरवा. पहिले दोन-तीन फेरे लोण्यासारखे जायला हवेत. किरकिर ऐकू आली तर तिथे कातकामाचा कीस अडकला आहे, धुतल्यावर जातो. भाग तिरका बसत असेल किंवा मध्येच अडत असेल तर आटेच चुकीचे कातले आहेत. तो नग परत करा, पक्कड लावू नका.

पिन. ॲटोमायझर उलटा धरून डोळ्यांच्या पातळीवर पाहा. मधली पिन भोवतालच्या आट्यांच्या कडेपेक्षा स्पष्ट बाहेर आलेली हवी. क्लोनमध्ये ती बऱ्याचदा कडेशी सपाट असते. इलेक्ट्रॉनिक मॉडच्या वरच्या जोडणीत स्प्रिंगची पिन असल्याने तिथे काम चालून जातं. मेकॅनिकल नळीच्या हायब्रिड टोपणात मात्र बॅटरीचं धन टोक थेट ॲटोमायझरच्या पिनेला टेकतं. पिन आखूड असेल तर तेच टोक आट्यांच्या कडेला टेकतं, आणि ती कड म्हणजे ऋण बाजू. सगळा प्रवाह एका क्षणात वाहतो, बॅटरी वायू सोडते, बंद नळी फुटू शकते. हे अपघात खरोखर झालेले आहेत.

इन्सुलेटर. कॉइल बसवण्याआधी मल्टीमीटर ओहमवर लावा. एक टोक मधल्या पिनेला, दुसरं बाहेरच्या अंगाला. पडद्यावर अनंत (बऱ्याच मीटरवर 'OL') दिसायला हवं, म्हणजे वाट पूर्ण बंद. एखादाही आकडा आला तर आत धातूला धातू टेकतोय: पिन घट्ट करताना इन्सुलेटर चेपला आहे किंवा कीस अडकला आहे. पिन सोडवून, पुसून पुन्हा बसवा. तरीही आकडा आला तर नग परत.

धातू. पोलादासारखा दिसणारा मुलामा दिलेलं पितळ ही जुनी युक्ती आहे. आतल्या, न दिसणाऱ्या आट्यावर सुईने हलका ओरखडा काढा. खाली पिवळं दिसलं तर पितळ. लोहचुंबकाने हे कळत नाही, कारण ३०४-३१६ पोलादही जवळजवळ चिकटत नाही आणि पितळही नाही. सहज कातता यावं म्हणून पितळेत शिसं मिसळतात. म्हणून जिथे द्रव साठतो त्या टाकीत आणि ड्रिप टिपमध्ये (तोंडाला लावायच्या नळीत) उघडं पितळ नको. डेकवरचे (कॉइल बसते त्या तळावरचे) खांब काही रचनांत मुद्दाम सोन्याचा मुलामा दिलेले असतात, ते वेगळं.

ओ-रिंगा. बोटाने दाबून पाहा. कडक, चिरलेल्या किंवा सैल बसणाऱ्या असतील तर त्याच मापाच्या नव्या मागवा. काही पेनींचं काम आहे.

६. धुणं

नव्या ॲटोमायझरवर कातकामाचं तेल असतंच. सगळे भाग सुटे करा, काच आणि ओ-रिंगा बाजूला ठेवा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून धातूचे भाग अर्धा तास भिजवा, मऊ ब्रशने आटे आणि हवेची छिद्रं घासा, वाहत्या पाण्याखाली धुवा. अल्ट्रासॉनिक भांडं असेल तर दहा-पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्या. पहिलं पाणी करडं निघालं तर घाबरू नका, दुसरं स्वच्छ निघेपर्यंत धुवा. पूर्ण कोरडं होऊ द्या. वास घेऊन पाहा. यंत्राच्या तेलाचा वास उरला असेल तर पुन्हा धुवा.

जोडताना ओ-रिंगांना ग्लिसरीनचं एक बोट फिरवा. खोबरेल, व्हॅसलीन, शिवणयंत्राचं तेल, यातलं काहीही नको. यातलं जे लावाल ते पुढे फुप्फुसात जाणार आहे.

७. कॉइल

कांथल २८ गेज म्हणजे ०.३२ मिमी जाडीची तार. तिचा रोध मीटरला साधारण १८ ओहम. २.५ मिमीच्या काडीवर सहा वेढे घेतले तर वेढ्यांत ५३ मिमी आणि पायांत ६ मिमी, मिळून सुमारे ५९ मिमी तार लागते. रोध येतो १.०५ ओहमच्या आसपास. पाच वेढ्यांना ०.९. हीच मापं निकेल-८० तारेत केली तर सहा वेढ्यांना ०.८ येईल, कारण तिचा रोध कमी. निकेल-२०० आणि टायटॅनियमच्या तारा नवख्याने घेऊच नयेत. त्या तापमान-नियंत्रणासाठी आहेत आणि कोरड्या लाल करायच्या नसतात.

काडी डेकवर आडवी ठेवून पाय स्क्रूखाली घ्या, स्क्रू घट्ट करा, मग काडी काढा. क्लोनचे स्क्रू मऊ असतात. स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसणारा घ्या आणि तार हलेनाशी झाली की थांबा. आणखी पाव फेरा दिला की खाच झिजते. पायांची टोकं अगदी मुळाशी कापा. अर्धा मिलीमीटर जरी बाहेर राहिलं तरी ते टोपणाला टेकून शॉर्ट होतं.

कॉइल हवेच्या छिद्राच्या बरोबर वर, एक ते दीड मिमी अंतरावर हवी. जवळ गेली तर द्रवाचे थेंब हवेच्या वाटेत पडून गुडगुड होते, लांब गेली तर चव पातळ.

आता मॉडवर लावा. पडद्यावर १.० ते १.१ दिसतंय? वरची खोली फिरवून बसवा आणि पुन्हा पाहा. आकडा बदलला तर कॉइल भिंतीला टेकतेय. आकडा स्थिर असेल तर खोली काढून ८ वॉटवर अर्धा-अर्धा सेकंद बटण दाबा. एखादाच वेढा आधी लाल होत असेल तर बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने वेढे हलकेच चेपा. सगळी कॉइल मधून बाहेर एकसारखी मंद लाल होईपर्यंत हे करा. पांढरीशुभ्र तापवू नका.

८. कापूस

आरटीएची नव्वद टक्के रड इथेच होते.

कापसाची पट्टी पीळ देऊन टोक निमुळतं करा आणि कॉइलमधून ओढा. ओढताना हलका विरोध जाणवला पाहिजे, पण कॉइल वाकता कामा नये. सहज सरकला तर कापूस कमी आहे. कॉइल सोबत ओढली गेली तर जास्त. दोन्ही बाजूंना डेकच्या कडेपर्यंत पोहोचेल एवढंच शेपूट ठेवून तिरकं कापा. आता टोकं सुईने किंवा बारीक कंगव्याने विंचरून एक-तृतीयांश कापूस काढून टाका. कॉइलच्या आत भरीव आणि शेपटांत विरळ, हे गणित लक्षात ठेवा. शेपटं द्रवाच्या खाचांवर नुसती टेकवायची, कोंबायची नाहीत.

द्रवाचे पाच-सहा थेंब सोडा. पांढरा कापूस पारदर्शक झाला म्हणजे भिजला. कोरडा ठिपका राहिला तर तिथेच जळेल.

९. भरणं आणि पहिला झुरका

एमटीएलला निम्मं पीजी (प्रॉपिलीन ग्लायकॉल), निम्मं व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) असलेला द्रव घ्या. सत्तर टक्के व्हीजीचा घट्ट द्रव एमटीएलच्या बारीक खाचांतून वेळेत पोहोचत नाही.

घरचा इसेन्स टाकायचा मोह होतो: गुलाब, केवडा, वेलची. करू नका. पोटात चालणारी वस्तू फुप्फुसात चालते असं नाही, आणि तेलात विरघळवलेले स्वाद फुप्फुसात गेले तर तेलकट द्रव साचून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो.

भरण्याआधी द्रवाची वाट बंद करता येत असेल तर करा. टाकीतला द्रव आतल्या हवेच्या कमी दाबावर अडून राहतो. टोपण बंद करताना हवा दाबली जाते आणि द्रव कापसातून ढकलला जातो. वाट बंद नसेल तर टोपण लावल्यावर ॲटोमायझर क्षणभर उलटा धरून हवेच्या छिद्रातून टिश्यूवर फुंकून घ्या. पाच मिनिटं थांबा. ९ वॉटवर सुरू करा, अर्ध्या-अर्ध्याने वाढवत १२-१३ पर्यंत जा, चव भरली की थांबा.

निकोटिनचा द्रव लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. थोडासा गिळला तरी विषबाधा होते. हाताला लागला तर लगेच धुवा.

१०. बिघाड ओळखणं

हवेच्या छिद्रातून द्रव येतोय: शेपटं फार विरळ किंवा आखूड आहेत, किंवा खालची ओ-रिंग नीट बसलेली नाही. दोन्ही ठीक असूनही गळत असेल तर टोपणाची ओ-रिंग बदला. वरून हवा शिरली की आतला दाब टिकत नाही आणि खालून द्रव सुटतो. क्लोनमध्ये हे सर्रास आढळतं.

जळका, घशाला टोचणारा झुरका: तत्काळ थांबा. कापूस कोरडा पडून जळतोय आणि त्यातून अल्डिहाइडसारखी विषारी द्रव्यं निघतात. तो कापूस पुन्हा भिजवून वापरू नका, काढून टाका आणि शेपटं आणखी विरळ करा.

ओहमचा आकडा नाचतोय: खांबाचा स्क्रू सैल आहे किंवा पिन. आधी स्क्रू पाहा. पिनही घट्ट असून आकडा नाचत असेल तर इन्सुलेटर मऊ पडला असण्याची शक्यता मोठी. पाचव्या पायरीतली मल्टीमीटरची तपासणी पुन्हा करा.

धातूची चव: नीट धुतलं नाही, किंवा मुलामा उडतोय. दुसऱ्यांदा धुऊनही चव राहिली तर तो नग वापरातून काढा.

कापूस चार-पाच दिवसांनी, गोड द्रव असेल तर दोन-तीन दिवसांनी बदला. कॉइल महिनाभर चालते. दर कापूसबदलाला मंद लाल करून पाण्याखाली धरून ब्रशने साफ करा. बॅटरीचं प्लास्टिक वेष्टण जरा जरी फाटलं तरी ती बॅटरी तशी वापरू नका, दुकानात नवं वेष्टण चढवून मिळतं. सुटी बॅटरी चाव्या-नाण्यांसोबत खिशात कधीही नाही. निकामी बॅटरी आणि जुना ॲटोमायझर कचऱ्याच्या डब्यात न टाकता व्हेपच्या दुकानात द्या. ब्रिटनमध्ये व्हेप विकणाऱ्या दुकानांनी ते परत घ्यायचे असतात.